दिवसाला एक आटा

आमच्या कुर्गान गावात पायाला लोखंड लावलेला माणूस रस्त्यात दिसला, तर कुत्रंसुद्धा मान वळवून बघत नाही. बसमध्ये त्याला जागा मिळते, दुकानात तो रांग मोडून पुढे गेला तरी कुणी कुरकुरत नाही, आणि पोरं त्याच्या नडगीभोवतीच्या कड्या मोजून आपसात पैजा लावतात. लांबलांबून लोक इथे हाडं वाढवून घ्यायला येतात, त्याला आता दोन पिढ्या झाल्या. तरीही आमच्या मजल्यावरच्या फायेच्कानं स्वतःच्या धडधाकट पायांना लोखंड लावून घ्यायचं ठरवलं, तेव्हा अख्ख्या इमारतीच्या चहाच्या किटल्या आठवडाभर त्याच एका विषयावर उकळल्या. ही बातमी कुणी पसरवली, असं विचाराल तर मीच. खोटं कशाला बोलू?

फायेच्का म्हणजे फाईना येगोरोव्हना शबालिना. वय एकोणचाळीस, उंची एक मीटर सेहेचाळीस सेंटिमीटर. हाडांच्या हॉस्पिटलात ड्रेसिंगच्या खोलीत नर्स, तेही वीस वर्षं. पूर्ण नाव फक्त पगाराच्या कागदावर. एरवी शिपायापासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी फायेच्का, शाळेतल्या मुलीला मारावी तशी हाक. मी नुसती फाया म्हणते. मी नाट्यगृहात प्रेक्षकांचे कोट सांभाळते, त्यामुळे माणसं मला कोटांवरून कळतात. फायेच्काचा कोट मुलांच्या दुकानातला होता. टोपीला अस्वलाचे कान होते. कान कापून टाक म्हटलं, तर म्हणाली, "राहू दे गं नेल्ली, उबदार आहेत."

तिचं दार आणि माझं दार समोरासमोर. माझ्या दाराला बाहेर बघायचं भोक आहे, आणि ते मी वाया जाऊ देत नाही. त्यातूनच मला एका रविवारी दिसलं की फाया दोन्ही नडग्यांभोवती लोखंडी कड्या चढवून जिना उतरतेय, मग चढतेय, मग परत उतरतेय. मी दार उघडलं.

"हॉस्पिटलातून चोरून आणलंस की काय हे?"

चोरलं नव्हतं. शिकाऊ डॉक्टरांना शिकवायच्या त्या जुन्या कड्या होत्या. खऱ्या कड्यांतून तारा निघतात आणि हाडातून आरपार जातात. या नुसत्या लोकरी मोज्यांवर पट्ट्यांनी बांधल्या होत्या. सकाळपासून ती त्या घालून वावरत होती. संडासात बसता येतं का, भांडी घासता येतात का, कुशीवर झोपता येतं का, कुठली विजार वर चढते, हे सगळं तिला बघायचं होतं.

"कुणासाठी एवढी चाचणी?"

"माझ्यासाठी," फाया म्हणाली.

मी तिथेच पायरीवर बसले. थंडगार सिमेंटवर बसायचं नाही, हे आमच्याकडे मुलींना चालायला लागायच्या आधी शिकवतात. ते मी विसरले, यावरून काय ते समजा.

साहजिकच आधी मला वाटलं, कुणीतरी पुरुष असणार. मी एकेकाचं नाव घेऊन बघितलं. चौथ्या मजल्यावरचा विधुर झाला, हॉस्पिटलातला भूल देणारा झाला, आमच्या नाट्यगृहातला तुतारीवाला झाला. प्रत्येक नावाला ती हसली, पण गालावर लाली काही आली नाही. मग ती माझ्याशेजारी बसली आणि जे बोलली, ते मी त्या दिवशी खरं मानलं नाही.

"वीस वर्षं मी लोकांना सांगतेय, सहन होईल, हाड वाढेल. दिवसाला एक मिलिमीटर. चार वेळा पाव-पाव फेरा. हजार पाय वाढताना बघितले असतील मी बाहेरून. एकदा मला आतून बघायचंय, मी खोटं तर बोलत नव्हते ना ते." मग म्हणाली, "आणि वर पाच सेंटिमीटर मिळणार आहेत. ते मी नको म्हणणार नाही."

तिच्याच घरात राहणाऱ्या तिच्या आईला, कपितोलिना साव्विश्नाला, हे पटणं शक्य नव्हतं. म्हातारी लेकीहून तीन सेंटिमीटरनं बुटकी. आयुष्यभर कारखान्यात शिवणकाम केलेली. निवृत्त झाली तरी यंत्र खिडकीशी मांडलेलंच असतं, आणि इमारतीतली निम्मी पडद्यांची कापडं तिच्या हातून गेलेली. लेकीचा बेत ऐकून तिनं यंत्राचं चाक हातानं थांबवलं.

"मी तुला जेवढी केली, तेवढी तू झालीस. कापड कमी पडलं असं वाटत होतं, तर तेव्हाच सांगायचं. आता चाळिशीला आल्यावर जोड लावायला निघालीस?"

त्यानंतर तिनं त्या विषयावर तोंड उघडलं नाही. म्हातारीचं न बोलणं तिच्या बोलण्याहून जड असतं. ते दोन्ही दारं ओलांडून माझ्या घरापर्यंत यायचं.

सर्जन होते रुस्तम गालिमोविच. माणूस सरळ. आधी त्यांनी फायाला परतवायचा प्रयत्न केला. मग मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. ती बाई दोन तास फायाशी बोलली आणि शेवटी स्वतःच्याच सासूची तक्रार सांगत बसली. मग मात्र रुस्तम गालिमोविचनी पुढ्यात तीन वाटा ठेवल्या, आणि कुठली ते तुझं तू ठरव म्हणाले.

त्या तीन वाटा फायानं मला माझ्याच स्वयंपाकघरात, जाड पोकळ शेवयांवर समजावून दिल्या. शेवई मधोमध मोडली: हे कापलेलं हाड. पहिली वाट बाहेरची: दोन्ही तुकड्यांना तारा आणि कड्या, कड्यांना जोडणारे, स्क्रूसारखे आटे असलेले दांडे, आणि पान्यानं नट फिरवत तुकडे एकमेकांपासून हळूहळू दूर न्यायचे. दुसरी वाट आतली: शेवईच्या पोकळीत तिनं आगपेटीची काडी घातली. हा रॉड. तो आतच लांब होतो; बाहेरून मांडीवर किंवा नडगीवर एक चुंबकाची पेटी धरायची, बटण दाबायचं, झालं. ना तारा, ना भोकं. तिसरी वाट म्हणजे आत साधा रॉड आणि बाहेर कड्या, दोन्ही. लांबी मिळाली की कड्या लवकर काढायच्या आणि पुढचं रॉडवर सोपवायचं.

"मग ती दुसरीच घे की," मी म्हटलं. "दाबायचं बटण आणि बसायचं."

माझ्यासाठी प्रश्न तिथेच संपला होता. फायासाठी तो सबंध उन्हाळा चालला.

आमच्या तळमजल्यावर तेव्हा एक भाडेकरू होता, उत्तरेकडच्या बंदरातला, जहाजावरचा इंजिनियर. त्याच्या मांड्यांत रॉड होते, दुसऱ्याच कुठल्या शहरात बसवलेले, आणि तो इथे दुरुस्तीला आला होता. फाया त्याच्याकडे जाऊन बसायची. मीही जायचे, लोणच्याच्या काकड्या घेऊन. रिकाम्या हातानं ऐकायला बसणं बरं दिसत नाही. माणूस आपल्याच विजारी घालायचा, कुशीवर झोपायचा, शनिवारी बाष्पस्नानालाही जायचा. हे ऐकताना फायाचे डोळे असे व्हायचे की मला वाटलं, ठरलं. कड्या म्हणजे आठ महिने बाष्पस्नान बंद, आणि आमच्याकडे शनिवार त्यासाठीच असतो. पण मग त्यानं दुरुस्तीची गोष्ट सांगितली. दोन आठवडे तो रोज पेटी मांडीवर धरत होता. पेटी गुरगुरायची, आणि गुरगुरणं ऐकून तो खूश. एक्स-रे काढला तेव्हा कळलं की एका मांडीतला रॉड जागचा हललाच नव्हता.

"जहाजाचं इंजिन मी आवाजावरून ओळखतो," तो म्हणाला, "आणि स्वतःच्या मांडीत काय चाललंय ते मला कळलं नाही."

त्यात फायाचं हाड अरुंद. रुस्तम गालिमोविच म्हणाले की सगळ्यात बारीक रॉडसुद्धा बसेल, पण दाटून बसेल, आतून कोरून जागा करावी लागेल. राहिली तिसरी वाट. तिला फाया म्हणायची, दोन्ही दगडांवर पाय. तारेचं भोक चिघळलं आणि ते आत रॉडपर्यंत पोचलं तर काय होतं, ते तिनं स्वतः रोज धुतलं होतं, पुसलं होतं. लोकांना ती वाट अनेकदा मानवते, हेही तिला माहीत होतं. पण नर्सच्या नशिबी बिघडलेलेच पाय जास्त येतात, आणि लक्षातही तेच राहतात.

सप्टेंबरात एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, कड्या. कारण विचारलं तर म्हणाली, "मला बघायचंय म्हणून तर करतेय. मग ते आत कशाला लपवू? आणि जे दिसतं, ते मला साफ करता येतं."

पणाला काय लागलं होतं ते मला तेव्हा कळत होतं, कारण तिचं काम मला ठाऊक होतं. दिवसाला आठ तास उभ्यानं. एक पाय जरी नीट जुळला नाही तरी ड्रेसिंगची खोली सुटली, आणि त्या खोलीबाहेर फायाला दुसरं जगणं नव्हतं. वर्षभराची रजा मिळाली होती. वर्षभरानं तिला स्वतःच्या पायांवर परत जायचं होतं, पाच सेंटिमीटर उंच होऊन.

ऑक्टोबरात हॉस्पिटलला निघायच्या दिवशी आम्ही रीतीप्रमाणे प्रवासाआधी क्षणभर गप्प बसलो. फाया बॅगेवर, मी चपलांच्या कपाटावर. म्हातारी बसली नाही. यंत्र चालवत राहिली. घरचं माणूस दूर निघालंय आणि कुणी त्या क्षणाला बसत नाही, हे मी आमच्याकडे कधी बघितलं नव्हतं. फायानं त्या आवाजाकडे एकदा बघितलं, बॅग उचलली आणि निघाली.

भेटायला गेले तेव्हा ती उशीला टेकून होती. दोन्ही नडग्यांभोवती चार-चार कड्या, आणि कातडीतून तारा अशा बाहेर आलेल्या की कुणीतरी तंबोऱ्याला पाय फुटवलेत. मी तोंड भरून थट्टा करणार होते, पण जमलं नाही. आठवडाभर हाड तसंच ठेवून मग नट फिरवायला सुरुवात झाली होती. तिच्याच हाताखाली शिकलेल्या मुली दिवसातून चार वेळा येऊन पायाशी उभ्या राहायच्या आणि पाना लावायच्या.

"कसं आहे आतून?" मी विचारलं.

"मी खोटं सांगत नव्हते," ती म्हणाली, "पण सगळं खरंही सांगत नव्हते."

चौदा दिवसांनी तिला घरी सोडलं. तिसऱ्या मजल्यावर तिला विधुरानं आणि इंजिनियरनं खुर्चीवरून आणली, आणि मी पुढे चालत दारं उघडत होते, लग्नाची वरात असावी तशी. घरी आल्याबरोबर तिनं पाना स्वतःच्या हातात घेतला. म्हणाली, वीस वर्षं दुसऱ्यांचे फिरवले, आता माझे मीच. कुणी हात लावायचा नाही. पलंगावर बसायची, पाय समोर लांब, वरून वाकून एकेका नटाला पाव फेरा. आठ दांडे, दिवसातून चार वेळा. बाकी वेळ कुबड्यांवर चालणं, आणि तळव्याला पट्टा लावून पाऊल आपल्याकडे ओढून धरणं, कारण हाड लांब होतं तसा पोटरीचा स्नायू पाऊल खाली खेचतो.

आता हे सगळं दिसतंय म्हटल्यावर मला गप्प कसं बसवेल? मी माझी लाल नेलपॉलिश आणली आणि प्रत्येक दांड्यावर, नटाच्या अगदी कडेला, उघड्या आट्यावर एकेक टिपका दिला. फायानंच सांगितलं होतं: एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा, एक आटा म्हणजे एक मिलिमीटर. म्हणजे रोज माझा टिपका आणि नट यांच्यामध्ये एक नवा आटा दिसायला हवा. लोक खिडकीत कांद्याची पात वाढताना बघतात, मी फायाला बघणार होते.

तीन दिवस आमच्या नाट्यगृहात पाहुण्या मंडळींचे खेळ होते, मला वेळ झाला नाही. चौथ्या दिवशी कोबीचं सारण भरलेले पाव, आमची पिरोगी, भाजून घेऊन गेले. फाया खुशीत होती. दुखणं कमी झालंय म्हणाली, हॉस्पिटलात त्या पोरी फिरवायच्या तेव्हा जीव जायचा. बघ, माझा हात कसा बसलाय. खुर्चीवर म्हातारीची कापडं पडलेली, म्हणून मी पलंगाच्या पायथ्याशीच बसले आणि टिपके शोधायला लागले. एकही दिसेना.

"माझे टिपके पुसलेस तू?"

"मी कशाला पुसू?"

मी वाकून नाक पार लोखंडाला लावलं. टिपके होते. नटाखालून लाल कडा तेवढी डोकावत होती.

"फाया, तुझ्या नटांनी माझे टिपके गिळलेत."

ती हसली. मग हसता हसता थांबली. तिनं पाना हवेत धरला, एकीकडे फिरवला, मग डोळे मिटून दुसरीकडे फिरवला. तसा चेहरा मी आजवर कोटांच्या काउंटरवरून हजारो चेहरे बघितले त्यांत कधी बघितला नव्हता.

"वीस वर्षं मी पायाशी उभी राहून फिरवलं," ती म्हणाली. "आता वरून फिरवतेय."

मला कळायला वेळ लागला. काचेच्या घड्याळाकडे मागून बघितलं तर काटे उलटे जातात, तसं. पायाकडून बघताना जो फेरा हाड लांब करतो, गुडघ्याकडून बघताना तोच फेरा उलटा करावा लागतो. घरी जाणाऱ्या प्रत्येक रोग्याला पहिला धडा हाच देतात, आणि तो धडा द्यायचं काम फायाचंच होतं. नवख्या माणसाला दिशा आठवावी लागते, म्हणून तो चुकत नाही. हिच्या हाताला पाठ होती. तीन दिवस, दिवसाला एक आटा, ती स्वतःला परत बुटकी करत होती, आणि दुखणं कमी झालं म्हणून खूश होती.

रुस्तम गालिमोविच रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक्स-रे बघितला, चष्मा काढून पुसला आणि परत बघितला. टोकं जवळ आली होती, आणि डाव्या पायात हाडानं सांधायची घाई सुरू केली होती. ते म्हणाले, उलटं गेलेलं भरून काढायला आता रोज दीड आटा पुढे न्यायचा, आठवडाभर. दुखेल, आणि चांगलंच दुखेल. तरीही डावं उघडलं नाही तर परत कापायचं. नाहीतर आताच कड्या काढून आत रॉड बसवू, पेटी तरी दिशा चुकत नाही. की सोडूनच द्यायचं? हाड जुळेल, जेवढी होतीस तेवढी राहशील. सोमवारपर्यंत सांग.

घरी येऊन फाया रडली. एवढ्या दुखण्यात मी तिला रडताना बघितलं नव्हतं. हॉस्पिटलातल्या पोरी काय म्हणतील, याचंच तिला लागलं होतं. मी म्हटलं, घे बाई तो रॉड. तुझं तुलाच दिसणार नाही, मग लोकांना कुठून दिसणार? चूक झाली तरी झाकलेली राहील.

हे मी खरंच तिच्या भल्यासाठी म्हटलं होतं. पण फायानं नाक पुसलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"नेल्ली, चूक चौथ्या दिवशी सापडली. कुणाला सापडली? तुला. हाडातलं ओ की ठो कळत नाही अशा बाईला."

"हे कौतुक आहे की अपमान?"

"दोन्ही. आत रॉड असता तर तुला काय दिसलं असतं?"

मला इंजिनियरची गुरगुरणारी पेटी आठवली.

म्हणजे कड्या राहणार, हे शनिवारीच ठरलं. पण आता तिचा स्वतःच्या हातावर विश्वास उरला नव्हता. दिशा माहीत होती, तरी पाना लावला की मनगट आपोआप जुन्या बाजूला वळायचं. तिनं मला करून दाखवलं. कुणीतरी पायाशी बसून फिरवायला हवं होतं, रोज चार वेळा. तिनं माझ्याकडे बघितलं. मी खरं ते सांगितलं: माझ्या हाती पाना दिलास तर बोलण्याच्या नादात मी पाव फेऱ्याच्या जागी पाच फेरे फिरवीन, आणि तू नाट्यगृहाच्या खांबाएवढी होशील.

खिडकीतलं शिवणयंत्र थांबलं.

कपितोलिना साव्विश्ना उठली. कापडं खुर्चीवरून उचलली, घडी घातली. भाज्या सोलायचं ठेंगणं स्टूल आणून लेकीच्या पायाशी ठेवलं आणि त्यावर बसली. चष्म्यातून एकेक कडी, एकेक तार बघितली, कापडाचा दर्जा बघावा तशी. इतक्या दिवसांत तिनं त्या पायांकडे पहिल्यांदाच बघितलं होतं.

"कुठल्या बाजूला?" तिनं विचारलं.

फायानं सांगितलं. म्हातारीनं खिशातून शिंप्याचा खडू काढला आणि प्रत्येक कडीवर बाण काढला.

"किती?"

"दिवसाला दीड मिलिमीटर, आई. आठवडाभर. मग एक."

"दीड मिलिमीटर म्हणजे काय ते मला शिकवू नकोस," म्हातारी म्हणाली आणि पाना लावला.

तो आठवडा मी जन्मात विसरायची नाही. फाया टॉवेल दातांत धरायची. कधी ओरडायची, आईला नको ते बोलायची, पाय ओढून घ्यायला बघायची. म्हातारी ना रडली, ना थांबली, ना एका नटावरून दुसऱ्यावर घाईनं गेली. एवढंच म्हणायची, "हलू नकोस, शिवण वाकडी जाईल." नट झाला की बोटानं दांड्यावरचे आटे चाचपायची, मग पुढचा. मी बशा उचलायच्या निमित्तानं तिथे असायचे, आणि माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. जे मला ओळखतात त्यांना विचारा, हे किती वेळा घडलंय.

पाचव्या दिवशी डावं हाड उघडलं. रुस्तम गालिमोविचनी एक्स-रे बघून फोनवर सांगितलं तेव्हा फाया कुबडी सोडून टाळी वाजवायला गेली आणि विधुरानं तिला वेळेवर धरली. विधुर तिथे काय करत होता ते मला माहीत आहे, पण ती वेगळी गोष्ट.

नोव्हेंबरअखेरीस फायानं नवा एक्स-रे घरी आणला. दिवसाढवळ्या आम्ही तिघींनी तो स्वयंपाकघराच्या खिडकीवर धरला. बाहेर उणे वीस होतं, काचेच्या कडांवर बर्फाची नक्षी चढली होती. फोटोत वरचं हाड, खालचं हाड, पांढरी, घट्ट; आणि मध्ये एका बोटाच्या रुंदीएवढी रिकामी जागा. मला आधी रिकामीच दिसली. मग फायानं बोट ठेवलं. त्या काळोखात वरून खाली आणि खालून वर बारीक पांढरे धागे निघाले होते, इतके बारीक की श्वास लागला तर विरतील. सगळे एकाच दिशेनं, सगळे सरळ, एकमेकांना भेटायला निघालेले. शेजारी काचेवरचा बर्फही तसाच चढत होता. मी पन्नास वर्षं या गावात राहते. लोखंडाचे पाय मी दगडधोंड्यांसारखे बघत आले. आत हे चाललेलं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, पण मी बोलत असेन.

म्हातारी सगळ्यात जास्त वेळ बघत होती. चष्मा कपाळावर ढकलून, नाक फोटोला लावून.

"हे कुणी शिवलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही, आई. आपण फक्त सावकाश ओढत राहायचं. ते आपोआप होतं."

"आपोआप काही होत नाही," म्हातारी पुटपुटली. पण फोटो तिनं खाली ठेवला नाही.

नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी पाच सेंटिमीटर पुरे झाले. त्या दिवशीचा शेवटचा पाव फेरा दुपारीच उरकायचा ठरला, कारण मग सणाची खिमा भरलेली पेल्मेनी वळायला बसायचं होतं. म्हातारीनं आठवा नट फिरवला, आटे चाचपले. माझ्या टिपक्यांपासून नट आता लांब गेले होते, मधले दांडे नवेकोरे चमकत होते. आम्ही वाट बघत राहिलो, पण तिनं पाना खाली ठेवला नाही.

"आणखी एक?" तिनं विचारलं. अगदी हळू, एखाद्या लहान मुलीनं आणखी एक बिस्किट मागावं तसं.

"बस, आई. एवढीच."

"एवढीच," म्हातारी म्हणाली, आणि पाना ॲप्रनला पुसून खिशात टाकला.

पुढचं सगळं कंटाळवाणं आणि लांबलचक. हाड घट्ट व्हायला सहा महिने लागले. दोन तारा चिघळल्या, फायानं स्वतःच धुतल्या, स्वतःलाच रागावली. जुलैत कड्या निघाल्या. एक मीटर एक्कावन्न. डाव्या पायाचा घोटा अजून थंडीत आखडतो, आणि उकिडवं बसून बीट उपटणं तिला जमत नाही. ते काम माझ्यावर आलंय. सप्टेंबरात ती ड्रेसिंगच्या खोलीत परत उभी राहिली.

स्वतःची चूक तिनं हॉस्पिटलात पहिल्याच दिवशी सांगून टाकली, माझ्या आधी, हे मला जरा लागलं. आता घरी जाणाऱ्या रोग्याला ती दिशा शिकवत नाही. त्याच्या सोबत आलेल्या माणसाला शिकवते, पायाशी बसवून, आणि विचारते, घरी खोलीत येऊन नाक खुपसणारा शेजारी आहे का? असेल तर त्याच्या हाती नेलपॉलिश द्या.

आणि रोगी विचारतात, दुखेल का? पूर्वी ती म्हणायची, सहन होईल, आणि पुढच्याला बोलवायची. आता हातातला बोळा खाली ठेवते, त्याच्यासमोर बसते आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांगते. त्याला वीस मिनिटं लागतात. ड्रेसिंगच्या खोलीबाहेरची रांग त्यामुळे पार जिन्यापर्यंत जाते, लोक घड्याळं बघतात, दारावर टकटक करतात. बोलणं अर्धवट सोडून तिनं अजून कुणाला आत घेतलेलं नाही.